साडीच्या काठाला कोपरा नसतो: कॅनव्हासवर उठावाचे टाके आणि किनार

इरकलीचा गोमी काठ असो की साधा रुंद काठ, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावतो. त्याला कुठं वळायचं नसतं. आसन, उशीचा अभ्रा, टेबलमॅट असल्या चौकोनी वस्तूंचं तसं नाही. त्यांच्या किनारीला चार वळणं घ्यावी लागतात, आणि कॅनव्हासवरचं भरतकाम नव्यानं शिकणारी माणसं बहुधा चौथ्या वळणावर अडकतात. तीन बाजू झकास जमतात आणि शेवटच्या कोपऱ्यात अर्धीच नक्षी उरते. मग ‘माझा टाकाच चुकला’ म्हणून उसवाउसवी सुरू होते. टाका बहुतेक वेळा ठीकच असतो. घरं मात्र आधी मोजलेली नसतात.

इथं आपण आठ इंची चौकोनी आसन करणार आहोत. गौरी-गणपतीत किंवा नवरात्रात कलशाखाली घालता येईल एवढं. मध्यभाग एकाच रंगाचा, पण टाक्यांच्या दिशेमुळं चौकटी उमटलेला. भोवती उठावदार किनार. सुई कधीच हातात धरली नसेल तरी चालेल. शंभरपर्यंत न चुकता मोजता येणं मात्र गरजेचं आहे.

काय आणायचं

कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत जाऊन नुसतं ‘कॅनव्हास द्या’ म्हणालात तर समोर चित्रकाराचं कापड येण्याची शक्यता जास्त. ‘लोकरीनं भरायची जाळी’ किंवा ‘जाळीचा कॅनव्हास’ असं मागा. हे कापड खळ लावून कडक केलेलं असतं आणि त्यात चौकोनी छिद्रांची सरळ ओळ असते. इंचात किती घरं बसतात त्यावरून त्याची जात ठरते: १०, १२, १४, १८. आकडा वाढला की जाळी बारीक. पहिल्या कामाला १० घरांचा घ्या. डोळ्यांना त्रास नाही आणि लोकरीनं छान भरून येतो.

हा कॅनव्हास जवळपास मिळाला नाही तर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे जाड मॅटी. ती कुठल्याही शिवणसाहित्याच्या दुकानात मीटरवर मिळते. मॅटी मऊ असते, त्यामुळं ती रिंगेत किंवा चौकटीत ताणूनच भरावी लागते. शिवाय आसनाचं माप बदलतं. मॅटीच्या इंचात ११ घरं भरली तर ८० घरांचं हेच आसन आठऐवजी साधारण सव्वासात इंचांचं होईल. दुसरा मार्ग रुखवताच्या वस्तू करतात त्या प्लॅस्टिकच्या जाळीचा. ती इंचात ७ घरांची असते, कडा उसवत नाहीत, काम झटपट होतं. माझं मत विचाराल तर सरावाला ती उत्तम, पण तिच्यावर केलेलं आसन कडक राहतं आणि अंगचा प्लॅस्टिकपणा काही लपत नाही.

कॅनव्हास १२ इंच बाय १२ इंच कापून घ्या. आठ इंच कामाचे, चारी बाजूंना दोन-दोन इंच मोकळे. कापलेल्या कडांना मास्किंग टेप चिकटवा, नाहीतर धागे सुटतात आणि लोकर दर टाक्याला तिथंच अडकते.

दोरा निवडताना कापड झाकलं जाणं महत्त्वाचं. १० घरांच्या कॅनव्हासला टेपेस्ट्रीची लोकर एकेरी पुरते. विणकामाची लोकरही चालते, फक्त ती ताणली जाते आणि छिद्रातून सारखी घासून तिची लव निघते, म्हणून तुकडे आखूड घ्यावे लागतात. मॅटीवर अँकरच्या सुती लडी वापरा. एका लडीत सहा पदरांचा ८ मीटर दोरा असतो. सहाही पदर सुटे करायचे आणि मग हवे तितके पुन्हा एकत्र धरायचे. हे कंटाळवाणं काम आहे, पण असे सुटे केलेले पदर टाक्यात पसरून बसतात आणि कापड नीट झाकतात. किती पदर लागतील हे ठरवायला कापडाच्या कडेला इंचभर नमुना भरून बघा. मागचं कापड डोकावत असेल तर पदर वाढवा. सुई ओढताना छिद्र फुगत असेल तर कमी करा. उभा टाका तिरक्या टाक्याइतकं कापड झाकत नाही, म्हणून नमुना दोन्हींचा करा.

एका रंगाच्या सगळ्या लडी एकदम आणि एकाच लॉटच्या घ्या. रंगाचा नंबर तोच असला तरी लॉट बदलला की छटा किंचित बदलते. एकाच रंगाचा मोठा चौकोन भरताना ती किंचितही ठळक दिसते.

सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची. हिला टेपेस्ट्रीची सुई म्हणतात. नंबर वाढला की सुई बारीक होते: १० घरांना १८ नंबर, १२ ते १४ घरांना २० नंबर, १८ घरांना २२ नंबर. अणकुचीदार सुई घेऊ नका, ती कॅनव्हासचा धागाच चिरते.

याशिवाय एक चौकोनी लाकडी चौकट. जुन्या फोटोची काच काढलेली चौकट आणि ड्रॉइंगच्या पिना यात काम भागतं.

घर मोजायचं की छिद्र?

पुढचं सगळं या एका मुद्द्यावर उभं आहे. दोन शेजारच्या छिद्रांमधलं अंतर म्हणजे एक घर. टाका चार घरांवरून जातो म्हणजे पहिलं छिद्र धरून तो पाचव्या छिद्रात उतरतो. ‘चार घरं’ ऐकून चौथ्या छिद्रात सुई घातली की प्रत्येक टाका एका घरानं लहान होतो आणि बाजू संपेपर्यंत फरक इंचाच्या घरात जातो.

म्हणून छिद्रं मोजूच नका. सुईचं टोक कॅनव्हासच्या धाग्यांवरून फिरवत ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणा आणि चौथा धागा ओलांडला की समोर जे छिद्र येईल त्यात उतरा. मोजून भरायची ही पद्धत आपल्या भागाला परकी नाही. पलीकडच्या धारवाडची कसुती कापडावर चित्र न काढता, धागे मोजूनच भरतात. तिच्यातले गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे चारही टाके मोजणीवरच चालतात. घरात कुणाला कसुती येत असेल तर कॅनव्हासचं अर्धं शिक्षण झालंय असं समजा.

दोरा सुरू करणं आणि संपवणं

दोरा हातभर घ्या, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. ‘सारखं सारखं ओवायला नको’ म्हणून लांब दोरा घ्यावासा वाटतो. पण लांब दोऱ्याचं शेवटचं टोक छिद्रांतून इतक्यांदा घासून जातं की ते विरलेलं दिसतं.

पाठीमागं गाठ मारायची नाही. आसन सपाट बसत नाही आणि गाठ कधीतरी सरकून पुढं येते. दोऱ्याच्या टोकाला गाठ मारा, पण ती कापडाच्या पुढच्या बाजूला ठेवा, जिथून भरायला सुरुवात करणार तिथून इंचभर पुढं. मागून दोरा सुरुवातीच्या छिद्राशी आणा आणि गाठीच्या दिशेनं भरत चला. मागचा दोरा टाक्यांखाली आपोआप दाबला जातो. गाठीपाशी पोचलात की ती कात्रीनं उडवा. दोरा संपताना सुई पाठीमागच्या इंचभर टाक्यांखालून सरकवा आणि टोक कापा.

टाका दोन हालचालींत घाला. सुई वरून खाली, दोरा पूर्ण ओढून घ्या. मग खालून वर. शिवणासारखी एकाच झटक्यात सुई आत-बाहेर केली की कॅनव्हास खेचला जातो. अधूनमधून सुई मोकळी सोडून लोंबकळू द्या. दोऱ्याला पडलेला पीळ उलगडतो आणि टाके जाड-बारीक दिसत नाहीत.

एक नियम कागदावर लिहून समोर ठेवला तरी चालेल: रिकाम्या छिद्रातून वर यायचं, भरलेल्या छिद्रात खाली जायचं. उलट केलंत तर वर येणारी सुई शेजारच्या टाक्याचे पदर चिरून वर काढते आणि त्या जागी लव उभी राहते.

उठाव येतो कुठून

दोन गोष्टींतून येतो. टाक्यावर टाका चढला की जाडी येते, हे सहज कळतं. दुसरी गोष्ट दिशेची. एकाच लडीतला दोरा उजवीकडे झुकवून भरला आणि शेजारी डावीकडे झुकवून भरला, तर दोन वेगळ्या छटा दिसतात, कारण दोऱ्यावरचा उजेड वेगळ्या कोनातून परततो. अंबाबाईच्या देवळाची बाहेरची भिंत सपाट नाही, तिला ताऱ्यासारखे कोन काढलेत. उन्हं तिरपी झाली की त्याच काळ्या दगडाची एक बाजू उजळ आणि लगतची बाजू गडद दिसते. भर दुपारी मात्र तो फरक पुसट होतो. भरतकामही असंच बाजूच्या उजेडात बघायचं. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली उठाव समजत नाही. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असं बसा.

सुती चकचकीत दोऱ्यावर दिशेचा फरक जास्त दिसतो, लोकरीवर कमी. लोकर जाडीचा उठाव चांगला देते. घाऊक नियम नाही, पण मध्यभाग सुती आणि किनार लोकरीची अशी जोडी १२ किंवा १४ घरांच्या कापडावर फार शोभते.

आधी हात बसवायला

टेंट स्टिच: एका घरावरून तिरका टाका, खालून डावीकडून वर उजवीकडे. बस. पूर्ण कॅनव्हास यानंच भरता येतो. पण ओळीनं आडवे टेंट टाके घालत गेलात तर कापड शंकरपाळीसारखं तिरकं होतं, कारण सगळे टाके त्याला एकाच दिशेला ओढतात. मोठा भाग भरायचा असेल तर कर्णाच्या रेषेत, एकदा वर चढत आणि एकदा खाली उतरत भरा. पाठीमागं टोपलीच्या विणीसारखी जाळी तयार होते आणि कापड फारसं वाकडं होत नाही.

गोबेलिन: दोन घरांवरून उभा टाका, शेजारच्या छिद्रात पुढचा उभा टाका, अशी ओळ. किनारीच्या दोन नक्षींच्या मधे श्वास घ्यायला जागा देणारी सपाट पट्टी म्हणजे गोबेलिन. दिसायला अगदी साधी, पण आसनाचं सगळं गणित सांभाळणारी हीच. ते पुढं येईल.

हे दोन्ही टाके कडेच्या मोकळ्या जागेत इंच-दोन इंच घालून बघा. ताण सारखा यायला लागला की पुढं.

उठावाचे टाके

कुशन टाका चार घरांच्या चौकोनात बसतो. सात तिरके टाके, लांबी १, २, ३, ४, ३, २, १ घरं. चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापाशी एका घरावरचा छोटा टाका, मग त्याला समांतर मोठे होत जाणारे. चौथा टाका पूर्ण कर्ण, तो खालच्या डाव्या टोकातून वरच्या उजव्या टोकात जातो. मग पुन्हा लहान होत खालच्या उजव्या कोपऱ्यात संपायचं. शेजारच्या चौकोनात हेच उलट्या झुकावानं. असे चार चौकोन एकत्र आले की मधे चौकट उमटते, रंग एकच असला तरी. आधी एका झुकावाचे सगळे चौकोन भरून घ्या, बुद्धिबळाच्या पटावर फक्त पांढरी घरं भरावीत तसे. मग राहिलेले उलट झुकावाचे.

मोझॅक हा त्याचाच धाकटा भाऊ: दोन घरांच्या चौकोनात तीन टाके, १, २, १. बारीक दाणेदार पोत येतो. छोट्या जागेत, पानाच्या किंवा फुलाच्या आत तो बरा.

राइस टाका म्हणजे आपल्या किनारीचा खरा मालक. चार घरांच्या चौकोनात जाड दोऱ्यानं मोठी फुली घाला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आता फुलीच्या चारही टोकांना एकेक छोटा तिरका टाका बांधायचा. वरच्या बाजूचं मधलं छिद्र पकडा, तिथून उजव्या बाजूच्या मधल्या छिद्रात उतरा. फुलीचं वरचं उजवं टोक या टाक्याखाली दबतं. असंच उरलेल्या तीन टोकांना. छोट्या टाक्यांचा मिळून एक उभा चौकोन तयार होतो, टोकावर उभा राहिलेला. छोटे टाके बारीक आणि वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं घातले तर फुलीचे फुगलेले भाग मधून डोकावतात. बोट फिरवलं की दाणा लागतो.

स्मर्ना टाक्यात फुलीवर अधिकचं चिन्ह चढतं: आधी दोन तिरके, मग एक उभा, शेवटी एक आडवा. घट्ट गाठीसारखा उंचवटा येतो. शेवटचा टाका सगळीकडे आडवाच आला पाहिजे. एखाद्या ठिकाणी उभा वर राहिला तर शंभर टाक्यांत तेवढाच नजरेला टोचतो.

ऱ्होड्स टाका सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत जास्त दोरा खाणारा. सहा घरांच्या चौकोनात खालच्या डाव्या टोकातून वरच्या उजव्या टोकात पहिला टाका. पुढचा टाका खाली एक छिद्र उजवीकडून निघतो आणि वर एक छिद्र डावीकडे उतरतो. असं घड्याळाच्या उलट दिशेनं कडेकडेनं फिरत राहायचं. प्रत्येक टाका मधोमध आधीच्यांवर चढतो आणि १२ टाक्यांत चौकोन पुरा होतो, मधे टेकडीसारखा उंच. आसनात हा वापरू नका, कलश डुगडुगेल. भिंतीवर लावायच्या कामात किंवा पर्सच्या झाकणावर एखादा दिलात तर लई भारी दिसतो.

लांब हाताची फुली शिकायला जरा वेळ घेते, पण एकदा लय लागली की हात आपोआप चालतो. सरळ पट्टीत भरत गेलं की कोल्हापुरी चप्पलेच्या पट्ट्यावर कातड्याची वेणी असते, हुबेहूब तशी वेणी उठते. डावीकडून उजवीकडे, दोन घरं उंचीची पट्टी धरू:

१. पट्टीच्या खालच्या रेषेतून वर या.
२. चार घरं उजवीकडे आणि दोन घरं वर जाऊन खाली उतरा. हा लांब हात.
३. मागच्या बाजूनं दोन घरं डावीकडे येऊन वरच्याच रेषेतून वर या.
४. दोन घरं उजवीकडे आणि दोन घरं खाली जाऊन उतरा. हा आखूड हात.
५. मागून दोन घरं डावीकडे येऊन खालच्या रेषेतून वर या. पुढचा लांब हात इथून सुरू.

काम बरोबर चाललंय का हे पाठ फिरवून बघा: मागं फक्त वर आणि खाली आडव्या रेघा दिसल्या पाहिजेत. तिरकी रेघ दिसली तर पायरी सुटली. पट्टीच्या सुरुवातीला आणि शेवटी वेणी अर्धवट वाटते, तिथं एक साधी फुली घालून टोक भरून घ्या. या वेणीला दिशा असते, त्यामुळं ती कोपऱ्यावर वळत नाही. कोपऱ्यात दोन घरांचा वेगळा चौकोन सोडायचा, त्यात एक स्मर्ना घालायचा आणि पुढच्या बाजूला वेणी नव्यानं सुरू करायची.

डावखुऱ्यांनी वरच्या सगळ्या सूचना कागदावर आकृती काढून घ्याव्यात आणि कागद उलटा, म्हणजे वरची बाजू खाली करून धरावा. तेवढ्यानं काम सोपं होतं.

आसनाचं गणित

आता चौकटीचा कागद घ्या आणि मोजा. पूर्ण आसन ८० घरं बाय ८० घरं.

बाहेरून पहिली पट्टी गोबेलिनची, दोन घरं रुंद. ती दोन्हीकडून दोन-दोन घरं खाते, आत उरली ७६. त्यात राइस टाक्यांची किनार, चार घरं रुंद. ७६ भागिले ४ म्हणजे बाजूला बरोबर १९ चौकोन, कोपरे धरून. चारी बाजू मिळून ७२, कारण कोपऱ्यातले चार दोनदा मोजायचे नाहीत. आत उरली ६८. पुन्हा दोन घरांचं गोबेलिन, उरली ६४. मध्यभागात चार घरांचे कुशन चौकोन, ओळीत १६. सोळा ही सम संख्या असल्यामुळं झुकाव बदलत जाऊनही चौकटी दोन्ही कडांना पूर्ण येतात.

पहिल्या किनारीला राइस टाका मुद्दाम घेतलाय. त्याचा चौकोन चारी बाजूंनी सारखाच दिसतो, म्हणून कोपऱ्यावर वेगळं काही करावं लागत नाही. कोपऱ्यातला चौकोन दोन्ही बाजूंचा असतो. शिवाय १९ विषम आहे. दोन रंग आलटून पालटून वापरले तर चारही कोपऱ्यांत एकच रंग येतो.

समजा तुम्हाला किनारीत सहा घरांची नक्षी हवी आहे. ७६ ला ६ नं भाग जात नाही, चार घरं उरतात. ही चार घरं नक्षी ताणून किंवा दाबून मुरवता येत नाहीत. बाहेरचं गोबेलिन दोनऐवजी चार घरांचं करा: आतली बाजू ७२ होते आणि सहाच्या १२ नक्षी चपखल बसतात. अडचण साध्या पट्टीत जिरवायची आणि नक्षीला हात लावायचा नाही. कागदावर हे पाच मिनिटांचं काम आहे, कॅनव्हासवर दोन संध्याकाळींचं.

भरायचा क्रम

कॅनव्हासला दोन्हीकडून घडी घालून मध्य काढा. मध्यातून एक आडवा आणि एक उभा धावदोरा वेगळ्या रंगात घाला. मध्यापासून चारी दिशांना ४० घरं मोजून बाहेरची चौकट धावदोऱ्यानं आखा. दर १० घरांना एक टाका वर दिसेल असा धावदोरा घातलात तर पुढं मोजायचं काम निम्मं होतं.

मग मध्यभागाचा मोह टाळून राइस किनारीच्या फक्त मोठ्या फुल्या घाला, बाहेरच्या आखणीपासून दोन घरं आत. एका बाजूच्या मध्यापासून सुरुवात करा. मध्यातला चौकोन उभ्या धावदोऱ्यावर बरोबर अर्धा-अर्धा बसवा, दोन घरं इकडं आणि दोन तिकडं. त्याच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ. चारी बाजू फिरून आल्यावर शेवटची फुली पहिल्या फुलीला अलगद भिडली तर मोजणी बरोबर. नाही भिडली तर आत्ताच उसवा, अजून फार दोरा गेलेला नाही. उसवताना पुढच्या बाजूनं कापायला जाऊ नका. पाठीमागून बारीक कात्रीनं दोरा तोडा आणि चिमट्यानं तुकडे काढा.

फुल्या जुळल्या की त्यांच्यावर छोटे टाके चढवा. मग दोन्ही गोबेलिन पट्ट्या. कोपऱ्यावर गोबेलिन असं वळवायचं: कोपऱ्यातला दोन घरांचा चौकोन डोळ्यांसमोर आणा. आतल्या टोकापाशी आलेला टाका पूर्ण दोन घरांचा, पुढचा एका घराचा, आणि तिथं ही बाजू संपते. दुसऱ्या बाजूनंही तसंच येऊन थांबायचं. दोघांच्या मधे कर्णाची फट राहते, तिच्यावर आतल्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत एक तिरका टाका. फोटोच्या चौकटीला असतो तसा स्वच्छ सांधा दिसतो.

मध्यभाग सगळ्यांत शेवटी. कुशन चौकोन २५६ आहेत, त्यामुळं हे काम टीव्हीसमोर बसून करण्यासारखं. फिका आणि गडद रंग शेजारी असतील तर फिका आधी भरा, म्हणजे गडद लोकरीची लव त्यात अडकत नाही.

पावसाळ्यात एक काळजी. आपल्याकडं जुलैत हवा इतकी ओलसर असते की कॅनव्हासची खळ मऊ पडते आणि कापड हातात लोळतं. काम नसेल तेव्हा चौकट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. उरलेली लोकर डांबरगोळीसकट बंद डब्यात. तिला कसर लागायला वेळ लागत नाही.

ताणून बसवणं

पूर्ण झालेलं आसन थोडं तिरकं झालेलं असणारच. पांढऱ्या ओल्या फडक्यानं पाठीमागून दाबून रंग सुटतो का ते आधी बघा. रंग सुटत नसेल तर प्लायवूडच्या फळीवर कागद लावून पेन्सिलीनं आठ इंचांचा चौकोन आखा. पेनची शाई ओलाव्यानं उतरते, म्हणून पेन्सिलच. वर पातळ प्लॅस्टिक. आसनावर पाणी फवारून ते दमट करा, भिजवू नका. सुलट बाजू वर ठेवून कापड ओढत चौकोनाच्या रेषेवर आणा आणि न गंजणाऱ्या पिना मोकळ्या कॅनव्हासमध्ये अर्ध्या-अर्ध्या इंचावर टोचा. आधी चार कोपरे, मग बाजूंचे मध्य, मग उरलेलं.

पूर्ण वाळेपर्यंत हलवायचं नाही. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात पंख्याखाली दोन-तीन दिवस धरा. फारच तिरकं झालं असेल तर हे दुसऱ्यांदा करावं लागतं. इस्त्रीचा मोह आवरा. वरून दाबलेली इस्त्री राइस टाक्यांचे सगळे दाणे चेपून टाकते. फिरवायचीच असेल तर जाड टॉवेलवर आसन पालथं घालून, पाठीवरून, हलक्या हातानं.

पाठ लावणं

भरलेल्या भागाबाहेर पाऊण इंच कॅनव्हास ठेवून बाकीचा कापा, कोपरे तिरके छाटा आणि कड मागं दुमडून टाचा. पाठीला खणाचा तुकडा लावा. त्याची बारीक बुट्टी आणि समोरची चौकटींची नक्षी यांचं छान जमतं. खण सुती असेल तर आधी धुऊन आटवून घ्या. कडेनं लपता टाका घालत शिवा. चौथ्या बाजूला थोडी जागा शिल्लक असताना आत पातळ फोम सरकवला तर आसन सपाट बसतं.

रोजच्या वापरात याचे वैरी दोन, तेल आणि हळद. लोकरीवर तेल पडलं तर लगेच टाल्कम पावडर टाकून रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी ब्रशनं झटका. हळदीचा डाग मात्र सहसा जात नाही. कलशाखाली आधी छोटं ताम्हण ठेवायचं आणि मग आसन त्याच्याखाली, किनार चारी बाजूंनी बाहेर दिसेल असं.